संत गोन्सालो गार्सिया : ओठांवरची श्रद्धा हातांत कशी उतरते



रविवारी पवित्र मिस्सा संपताना धर्मगुरू आपल्याला आशीर्वाद देतात आणि शांतीने जाण्यास सांगतात. ‘मिस्सा’ हा शब्दच मुळी लॅटिन भाषेतील ‘पाठवणी’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे मिस्सा संपते तेव्हा आपले काम संपत नाही, सुरू होते. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव काय आहे? चर्चच्या पायऱ्या उतरल्या, चार ओळखीच्या माणसांशी बोललो, गाडी सुरू केली आणि घरी गेलो. श्रद्धा चर्चमध्ये राहिली, आपण बाजारात पोहोचलो.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमक्या याच सवयीवर बोट ठेवले आहे. एखादा भाऊ किंवा बहीण उघडी आहे, उपाशी आहे, आणि आपण नुसत्या गोड शब्दांनी तिची बोळवण केली, तर त्याचा उपयोग काय, असे तो विचारतो. कृतीवाचून असलेली श्रद्धा त्याच्या मते निर्जीव आहे.

श्रद्धा कृतीत कशी उतरवावी हे आज आपण एका संताकडून शिकणार आहोत. ते दूरच्या देशातले नाहीत. आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत, वसईत त्यांचा जन्म झाला. भारतात जन्मलेल्या व्यक्तींपैकी संतपदाचा मान मिळालेले ते पहिले. त्यांचे नाव संत गोन्सालो गार्सिया.

वसईचा मुलगा

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५६ साली वसईत झाला. तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, शाळेतील एका धर्मगुरूंबरोबर ते जहाजाने जपानला गेले. आज आपल्या घरातला दहावीतला मुलगा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे धाडस केवढे होते ते कळेल.

जपानमध्ये ते जपानी भाषा शिकले, आणि अशी शिकले की लोकांशी त्यांच्याच बोलीत मोकळेपणाने बोलू लागले. सुमारे आठ वर्षे त्यांनी तेथे धर्मशिक्षक म्हणून काम केले. मुलांना प्रार्थना शिकवणे, धर्मगुरूंबरोबर गावोगाव जाणे, त्यांचे बोलणे लोकांना समजावून सांगणे हे त्यांचे काम होते. आपल्याकडे खेड्यापाड्यांत कॅटेकिस्ट जे काम करत आले, तेच.

नकार मिळाल्यावर

गोन्सालो यांची मनापासून इच्छा होती की आपल्याला येशूसंघात प्रवेश मिळावा. परंतु तो मिळाला नाही. ज्यांच्याबरोबर तारुण्याची वर्षे घालवली, त्यांच्याच घरात आपल्याला जागा नाही, याचे दुःख लहान नसते. आपल्यापैकी कोणाला एखाद्या मंडळात घेतले नाही, वाचनासाठी बोलावले नाही, सणाच्या दिवशी आपले नाव घ्यायचे राहून गेले, तर आपण सहा महिने चर्चकडे फिरकत नाही. कधी कधी तर आयुष्यभर फिरकत नाही.

गोन्सालो यांनी येशूसंघीयांचे घर सोडले आणि ते व्यापारात शिरले. भाषा येत होती, माणसांची पारख होती, व्यापार चांगला चालला. जपान आणि आसपासच्या बंदरांत त्यांची ओळख झाली, पैसा आला. येथेच त्यांची कथा संपली असती तर कोणी त्यांना दोष दिला नसता. प्रामाणिकपणे व्यापार करणे हे काही पाप नाही. परंतु देवाची हाक त्यांच्या मनातून गेली नव्हती. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समधील मनिला शहरात गेले. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंचे साधे, गरिबीचे जीवन त्यांनी पाहिले, आणि सारे सोडून ते त्या संघात दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत, अखेरपर्यंत ब्रदर राहिले. म्हणजे त्यांनी कधी मिस्सा अर्पण केली नाही, कधी पापनिवेदन ऐकले नाही. ज्या कामांना आपण ‘चर्चची मोठी कामे’ समजतो, ती त्यांच्या वाट्याला आली नाहीत. तरीही ते संत झाले. हे आपण प्रापंचिकांनी नीट लक्षात ठेवावे.

दुभाषा

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानकडे एक शिष्टमंडळ पाठवले. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फिलिपिन्सने आपले वर्चस्व मान्य करावे अशी मागणी केली होती, त्यामुळे युद्धाची भीती होती. शिष्टमंडळाचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्टा. त्यांना जपानी येत नव्हते. ब्रदर गोन्सालो यांना येत होते. म्हणून दुभाषा म्हणून त्यांना बरोबर घेण्यात आले.

दुभाष्याचे काम किती नाजूक असते याचा आपण विचार केला आहे का? बोलणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि मध्ये उभा असलेला तिसरा. स्वतःचे काही मिसळायचे नाही, काही गाळायचे नाही. दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवला पाहिजे. शब्द चुकला तर राजा रागावणार, आणि रागावलेल्या राजासमोर सर्वांत जवळ उभा असतो तो दुभाषाच. हिदेयोशीने सहा वर्षांपूर्वी, १५८७ साली, परदेशी धर्मप्रचारकांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. असे असूनही या बंधूंना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली. त्यांनी राजधानी क्योटो येथे मठ आणि चर्च उभारले.

ज्या भाषेने गोन्सालो यांनी प्रथम धर्मशिक्षण दिले, त्याच भाषेने पुढे व्यापार केला, आणि त्याच भाषेने आता ते संघाची सेवा करू लागले. देणगी एकच होती. ती कोणासाठी वापरायची, एवढेच बदलले.

राजवाड्यापासून रुग्णाच्या अंथरुणापर्यंत

या बंधूंचे काम राजदरबारात थांबले नाही. क्योटोमध्ये त्यांनी मठाजवळ गरिबांसाठी व कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये उघडली. त्या काळी कुष्ठरोगाला औषध नव्हते. रोग्याला घराबाहेर काढत, गावाबाहेर ठेवत. त्याच्या जवळ जाणेसुद्धा लोक अशुभ मानत. हे काही केवळ जपानमध्ये होते असे नाही, आपल्याकडेही तेच होते.

फ्रान्सिस्कन बंधूंनी अशा माणसांना आत घेतले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना जेवू घातले. हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. जपानी प्रापंचिक भाविक त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. यांत कारागीर होते, वैद्य होते, स्वयंपाकी होते. पॉल सुझुकी नावाचे जपानी गृहस्थ रुग्णालयाच्या कामात पुढे होते. लुईस इबाराकी नावाचा बारा वर्षांचा मुलगाही बंधूंच्या हाताखाली कामाला होता.

आता कल्पना करा. एक रोगी दाराशी येतो. त्याला आपले दुखणे सांगायचे आहे. मनिलाहून आलेल्या बहुतेक बंधूंना त्याची भाषा अजून नीट कळत नाही. अशा वेळी ज्याला दोन्ही भाषा येतात तो माणूस किती मोलाचा! काल सत्ताधीशापुढे बोललेली जीभ आज सर्वांनी टाकलेल्या माणसाशी बोलते, आणि दोघांशी सारख्याच आदराने बोलते. प्रेमाची सेवा म्हणतात ती हीच. मोठ्यासमोर नम्र होणे सोपे असते, कारण तेथे भीती असते. ज्याच्यापासून काही मिळणार नाही त्याच्याशी आदराने बोलणे, यात प्रेमाची परीक्षा होते.

क्रूसापर्यंत

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातला माल जप्त झाला. त्या वेळी जहाजावरील एकाच्या बोलण्यातून असा समज झाला की स्पेन आधी धर्मगुरू पाठवते आणि मागून सैन्य पाठवते, असे त्या काळच्या वृत्तांतांत सांगितले आहे. नेमके काय घडले याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट आहे. डिसेंबरमध्ये क्योटो व ओसाका येथील बंधू आणि त्यांचे सहकारी पकडले गेले.

जानेवारी १५९७ च्या सुरुवातीला त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व त्यांची शहरातून धिंड काढली गेली. त्यानंतर भर हिवाळ्यात, बर्फाच्या दिवसांत, त्यांना क्योटोहून नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर नेण्यात आले, त्यातला बराचसा प्रवास पायी. आपल्या तिरोडा स्टेशनपासून रेल्वेच्या रुळांनी निघून नागपूर, भुसावळ, नाशिक मागे टाकून इगतपुरीपर्यंत चालत जावे, जवळपास एवढे ते अंतर होते. निघाले तेव्हा चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे भाविकही पकडले गेले आणि संख्या सव्वीस झाली. सेवा करणाऱ्याला सेवेचे हे मोल मिळाले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. येशूसंघीय पॉल मिकी यांनी क्रूसावरून लोकांना उपदेश केला आणि आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. लहानग्या लुईसला धर्म सोडल्यास जीवदान देऊ केले होते. त्याने ते नाकारले. ब्रदर गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते. ज्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नव्हता, त्या संघाच्या तिघांच्या सोबतीने त्यांनी रक्तसाक्ष दिली. माणसांनी घातलेल्या रेषा त्या टेकडीवर पुसल्या गेल्या.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या रक्तसाक्षींना धन्यवादित म्हणून घोषित केले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद दिले. तीन वर्षांनी, १८६५ साली, नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही जपानी माणसे आली आणि आपण ख्रिस्ती असल्याचे त्यांनी धर्मगुरूंना हळूच सांगितले. त्यांच्या पूर्वजांनी सुमारे अडीचशे वर्षे धर्मगुरूंविना, लपूनछपून ही श्रद्धा जपली होती. घराघरांत आईवडिलांनी मुलांना प्रार्थना शिकवल्या, बाप्तिस्मा दिला. रक्तसाक्षींचे रक्त वाया गेले नाही. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्या टेकडीवर जाऊन प्रार्थना केली. ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीला संत पॉल मिकी व सहकारी यांचा स्मृतिदिन पाळते. त्या ‘सहकारी’ या शब्दात आपले वसईचे गोन्सालो आहेत.

आपण काय शिकावे?

पहिला धडा : आपल्याजवळ जे आहे तेच देवाला द्यावे. गोन्सालो यांच्याजवळ पदवी नव्हती, अधिकार नव्हता, भाषा होती. आपण म्हणतो, माझ्याजवळ वेळ नाही, पैसा नाही, मी सेवा काय करणार? परंतु कोणाला मोटारसायकल चालवता येते, कोणाला अर्ज भरता येतो, कोणाला चांगला स्वयंपाक येतो, कोणाला शांतपणे ऐकून घेता येते. तालंतांच्या दाखल्यात धनी पहिल्या दोघांकडून सारखी कमाई मागत नाही. ज्याने मिळालेले पुरून ठेवले, त्यालाच तो जाब विचारतो.

दुसरा धडा : मान दुखावला म्हणून सेवा सोडू नये. नकारानंतर गोन्सालो यांची वाट बदलली, पण ते देवापासून दूर गेले नाहीत. एक दार बंद झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या दाराशी जाऊन हाक ऐकली. धर्मग्रामात मतभेद होणारच. त्याची शिक्षा आपण प्रभूला आणि गरिबांना का द्यावी?

तिसरा धडा : सेवा करताना माणसात निवड करू नये. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाने जखमीची जात, गाव, धर्म विचारला नाही. क्योटोच्या रुग्णालयातही ‘आधी बाप्तिस्मा घे, मग औषध देतो’ असा व्यवहार असता, तर ते प्रेम नसते, सौदा ठरला असता. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच समजावले आहे. प्रेमाची सेवा हे इतर कशासाठी वापरायचे साधन नाही, ते ख्रिस्तसभेच्या स्वभावाचाच भाग आहे.

आपल्या तिरोड्यात

आता ही गोष्ट आपल्या अंगणात आणू या. तिरोडा हे भातशेतीचे, राईस मिलचे गाव. येथे मराठी आहे, झाडीबोली आहे, पोवारी आहे, हिंदी आहे, जिल्ह्यात गोंडीही आहे. गावाजवळ ३३०० मेगावॅटचे वीज केंद्र उभे राहिले आणि कामासाठी देशाच्या अनेक भागांतून माणसे आली. कोणी झारखंडचे, कोणी छत्तीसगडचे, कोणी ओडिशाचे, कोणी दक्षिणेतले. त्यांतले काही आपल्याच बाकावर बसून आपल्याबरोबर मिस्सेत सहभागी होतात. आपण त्यांना शांतीचे अभिवादन करतो. त्यांचे नाव मात्र आपल्याला ठाऊक असतेच असे नाही.

अशा घरातली एखादी बाई रात्री आजारी पडली, तर सरकारी दवाखान्यात तिचे दुखणे डॉक्टरांना कोण सांगणार? तालुक्याच्या कार्यालयात मराठीतला अर्ज तिच्या नवऱ्याला कोण वाचून दाखवणार? मुलाला शाळेत घालताना बाईंशी कोण बोलणार? यासाठी पैसा लागत नाही. बरोबर जाऊन बाकावर बसावे लागते, दोन तास जातात, एवढेच. दुभाष्या संताचे काम आज आपल्याला करायचे असेल तर त्यासाठी जपानला जावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट कुष्ठरोगाची. आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर आणि वरोऱ्याजवळील आनंदवन येथे या रुग्णांसाठी मोठे काम उभे राहिले. आज औषध आहे. साधारण सहा महिने किंवा बारा महिने नियमित गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि सरकारी आरोग्य केंद्रात हे औषध फुकट मिळते. उपचार सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. राष्ट्रीय पातळीवर २००५ अखेर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. तरीही विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत अजून नवे रुग्ण सापडतात. कारण चट्टा लपवला जातो. लग्न मोडेल, काम जाईल, लोक काय म्हणतील, ही भीती आहे.

म्हणून हे लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. हा शाप नाही आणि पापाची शिक्षाही नाही, हा जंतूंमुळे होणारा आजार आहे. शेजारी कोणाला झाला असेल तर त्याच्या घरी जा, त्याच्याकडचा चहा घ्या. तो एक कप चहा काही वेळा गोळीइतकाच गुण देतो. ३० जानेवारीला आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन पाळतात, आणि त्यानंतर आठवडाभरातच, ६ फेब्रुवारीला, या रक्तसाक्षींचा स्मृतिदिन येतो. हे दोन्ही दिवस आपण एकत्र लक्षात ठेवावेत.

कुटुंबात बसून बोलण्यासाठी

१. आपल्या घरातील प्रत्येकाजवळ कोणती एक देणगी आहे? ती गेल्या महिन्यात घराबाहेरच्या कोणासाठी वापरली का?

२. कोणत्या जुन्या रागामुळे आपण चर्चमधील एखादे काम सोडून दिले आहे?

३. आपल्या बाकावर बसणाऱ्या, दुसऱ्या गावाहून आलेल्या एखाद्या कुटुंबाचे नाव आपल्याला माहीत आहे का?

या आठवड्याचा संकल्प : आज मिस्सेनंतर घाईने न जाता, ज्यांच्याशी कधी बोललो नाही अशा एका कुटुंबाशी बोलू या. नाव विचारू या, घर कोठे आहे ते विचारू या, आणि गरज पडल्यास हाक मारा, असे सांगून आपला फोन नंबर देऊ या.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, तू वसईच्या एका मुलाला दूर देशी नेलेस आणि त्याच्या वाणीतून परक्यांना आपलेसे केलेस. त्याला नकार मिळाला तेव्हा तू त्याला सोडले नाहीस. आमच्या ओठांवर तुझे नाव आहे, ते आमच्या हातांतही उतरू दे. ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांचे ऐकण्यास आम्हांला कान दे, ज्यांच्याजवळ कोणी जात नाही त्यांच्याजवळ जाण्यास पाय दे. संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने आमच्या धर्मग्रामात कोणीही परका राहू नये, असे कर. आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे ही प्रार्थना करतो. आमेन.